वेज निवडताना आधी माती बघा

गोल्फची वेज, म्हणजे जवळच्या अंतरावरून चेंडू उंच उडवायचा क्लब (काठी), घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो लॉफ्टचा: छप्पन्नची घेऊ की साठची? वेजच्या तळाशी बहुधा दोन आकडे कोरलेले असतात. ५६ आणि १०, किंवा ५८ आणि ६, असे काहीतरी. पहिला लॉफ्ट, दुसरा बाउन्स. दुसऱ्याकडे फारसं कुणी बघत नाही. सोलापुरात राहून हा खेळ शिकणाऱ्यानं मात्र आधी दुसराच आकडा बघावा असं मला ठामपणे वाटतं. तो आकडा मातीशी जोडलेला आहे, आणि आपल्याकडची माती उन्हाळ्यात एक असते, पावसाळ्यात दुसरीच.

लॉफ्ट समजायला सोपा. क्लबचा दांडा सरळ उभा धरला, तर चेंडूला भिडणारी सपाट बाजू, म्हणजे फेस, उभ्या रेषेपासून जितके अंश मागे कललेला तितका लॉफ्ट. पिचिंग वेजचा साधारण ४३ ते ४८ अंश, गॅप वेजचा ५० ते ५२, सँड वेजचा ५४ ते ५८ आणि लॉब वेजचा त्याहून वर. लॉफ्ट वाढला की चेंडू उंच उडतो, कमी लांब जातो, पडल्यावर कमी घरंगळतो.

बाउन्स जरा खाली वाकून बघावा लागतो. वेजचा तळ, म्हणजे सोल, पुढच्या कडेकडून मागे जाताना खाली उतरत जातो. दांडा उभा धरून वेज फरशीवर टेकवली तर सोलचा मागचा भाग टेकतो आणि पुढची कड किंचित अधांतरी राहते. जमिनीशी होणारा हा कोन म्हणजे बाउन्स. ४ ते ६ अंश कमी, ७ ते १० मध्यम, त्याच्या वर जास्त, अशी ढोबळ वाटणी आहे. शेतकऱ्याला हे समजवावं लागणार नाही. कुळवाची फास उभी केली की ती मातीत शिरते, आडवी झाली की वरून सरकते. सोलचंही तसंच आहे. बाउन्स कमी असलेली वेज मातीत घुसायला बघते, जास्त असलेली वर तरंगायला.

आता आपली माती. सोलापूरच्या आसपासची काळी जमीन बेसाल्ट खडक झिजून तयार झालेली आहे. तिच्यात स्मेक्टाइट गटातली चिकणमाती भरपूर असते. या खनिजाचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, पाणी निघून गेलं की आक्रसते. म्हणून एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मधली ढेकळं कुदळीलाही दाद देत नाहीत. सप्टेंबरमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या सर्वांत जास्त पावसाच्या महिन्यात, तीच माती चपलेला लदलदून चिकटते. माळावर मुरूम असेल तर तो बाराही महिने कडकच. माझ्या ओळखीची गोल्फवेडी मंडळी सराव अशाच मोकळ्या जागेवर करतात आणि पूर्ण मैदानावर खेळायला अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याला जातात. तिथली जोपासलेली हिरवळ आणि घरचा माळ, दोन्हीकडे एकच वेज चालवायची म्हटली तर तिची चांगलीच परीक्षा होते.

कडक जमिनीवर नेमकं काय बिघडतं, ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. नियमानुसार गोल्फच्या चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, म्हणजे त्रिज्या धरा २१.३. फेस मागे कललेला असल्यामुळे तो चेंडूच्या मध्यावर लागत नाही, बराच खाली लागतो. किती खाली, ते साध्या त्रिकोणमितीनं निघतं: त्रिज्येतून त्रिज्या गुणिले लॉफ्टचा साइन वजा करायचा. ५६ अंशांसाठी उत्तर येतं सुमारे ३.६ मिलिमीटर. सपाट, टणक जमिनीवरच्या चेंडूला ५६ अंशांचा फेस नीट भिडायचा असेल, तर तो जमिनीपासून अवघ्या ३.६ मिलिमीटरवर भिडतो! ६० अंशांना ही उंची २.९ मिलिमीटरच उरते. आता बाउन्स बघू. पुढच्या कडेपासून सोल जिथे टेकतो तिथपर्यंतचं अंतर २० मिलिमीटर धरलं, तर १२ अंशांच्या बाउन्सनं कड सुमारे ४.२ मिलिमीटर वर उचलली जाते, ६ अंशांनी २.१. माती दबणारच नसेल, तर १२ बाउन्सच्या वेजची कड त्या ३.६ च्या वर आली. फेसऐवजी धारदार कडच चेंडूला लागणार, आणि चेंडू हवेत न उठता सपाट सणाणत ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, पलीकडे जाणार. नवा खेळाडू म्हणतो, माझा स्विंग चुकला. पुष्कळदा स्विंग बरा असतो. हिशेब चुकतो तो या दीड-दोन मिलिमीटरांचा.

अशा जागी प्रशिक्षक हात पुढे ठेवायला सांगतात, त्याचं कारणही इथेच सापडतं. दांडा लक्ष्याच्या दिशेनं ८ अंश झुकवला की लॉफ्ट आणि बाउन्स दोन्ही ८ अंशांनी घटतात. ५६-१२ ची वेज त्या क्षणापुरती ४८-४ होते. कड १.४ मिलिमीटरवर येते, चेंडूला लागण्याची जागा ५.५ वर चढते, आणि भरपूर मोकळीक मिळते. किंमत एवढीच, की चेंडू ठेंगणा उडतो आणि जास्त घरंगळतो. उलट फेस उघडला, म्हणजे आकाशाकडे वळवला, की दोन्ही कोन वाढतात. मुरमावर फेस उघडून उंच चेंडू मारायला जाऊ नये, ते यासाठी.

चांगल्या मैदानावर गवत हा हिशेब सैल करतं. चेंडू पात्यांवर काही मिलिमीटर उचलून धरला जातो आणि कडेला खाली शिरायला जागा मिळते. उष्ण प्रदेशातल्या गोल्फ मैदानांवर जगभर लावलं जाणारं बर्म्युडा गवत ही आपली हरळीच आहे, जिच्याशी सोलापूरचा शेतकरी जन्मभर झगडतो. घरच्या माळावर चिप, म्हणजे जवळून मारायचा छोटा ठेंगणा फटका, मारताना थोडी दाट हरळी शोधून सराव केला, तर मैदानावरच्या परिस्थितीशी तो बराच जुळतो.

पावसाळ्यात सगळं उलटतं. ओली काळी माती वजन पेलत नाही. ४ बाउन्सची कड तिच्यात घुसते, क्लबचा वेग माती खाते आणि चेंडू चार पावलांवर पडतो. इथे १२-१४ चा बाउन्स आणि रुंद सोल हवा. वाळूच्या बंकरमध्येही हेच. तिथे तर क्लबनं चेंडूला शिवायचंच नसतं. चेंडूच्या मागे वाळूत शिरायचं, तिच्यातून सरकायचं आणि ती वाळूच चेंडूला बाहेर फेकते. भुसभुशीत वाळूला जास्त बाउन्स, भिजून दबलेल्या वाळूला कमी.

हे कळायला गोल्फला बराच काळ लागला. १९३० च्या सुमारापर्यंत वाळूतून निघण्यासाठी वापरायच्या निब्लिक नावाच्या क्लबची कड पातळ होती, ती वाळूत रुतायची. अमेरिकन खेळाडू जीन साराझेन यानं निब्लिकच्या तळाला मागच्या बाजूनं डाखाचं शिसं चढवलं आणि मागचा भाग पुढच्या कडेपेक्षा खाली आणला. उड्डाण करताना विमानाची शेपटी दबून नाक वर उठतं, ते पाहून ही कल्पना सुचल्याचं तो सांगत असे. १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या प्रिन्सेस मैदानावर त्यानं ब्रिटिश ओपन जिंकली ती हा क्लब पिशवीत घेऊन. आजची प्रत्येक सँड वेज त्या शिशाच्या थराची वंशज आहे. एखाद्या खेळाडूनं हातानं केलेल्या जोडकामातून अख्खा वर्ग जन्माला यावा, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता फिरकी. चेंडू आणि फेस यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन-हजाराव्या भागापुरता टिकतो. तेवढ्यात चेंडू कललेल्या फेसवर आधी घसरतो, मग पकड घेऊन वर लोळतो आणि उलटी फिरकी घेऊन निघतो. अव्वल व्यावसायिकांच्या पिचिंग वेजच्या फटक्यात ही फिरकी मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांच्या वर जाते, म्हणजे सेकंदाला दीडशे. १८९० च्या दशकात एडिनबर्गचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर टेट यांनी उलट्या फिरकीमुळे चेंडू हवेत जास्त वेळ कसा तरंगतो याचं गणित मांडलं. त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ चा ब्रिटिश हौशी विजेता होता, तेव्हा घरात या विषयाला तोटा नसणार.

फिरकी येते घर्षणातून. फेसवरच्या खाचा फिरकी देतात असा समज आहे. कोरड्या, स्वच्छ चेंडूवर त्यांचं काम फार थोडं असतं. मध्ये पाणी किंवा गवताचा रस आला की त्याला निघून जायला वाट देणं, हे त्यांचं खरं काम. जुन्या धारदार चौकोनी खाचांमुळे उंच गवतातूनही भरपूर फिरकी मिळू लागली, तेव्हा २०१० पासून खाचांच्या आकारमानावर आणि कडांच्या धारेवर नवी मर्यादा आली. काळ्या मातीचा चिखल खाचांत वाळला की त्या असून नसल्यासारख्या होतात, आणि मुरमावरच्या सरावानं फेस लवकर झिजतो. सरावाला जुनी वेज वेगळी ठेवावी. पिशवीला एक टर्किश टॉवेल लटकवून प्रत्येक फटक्याआधी फेस पुसावा. आपल्या गावात तरी टॉवेलला काय कमी?

लॉफ्टकडे आता वळायला हरकत नाही. पन्नासएक वर्षांपूर्वी पिचिंग वेज ५० अंशांच्या आसपास असायची. कंपन्यांनी आयर्न क्लब अधिक लांब मारणारे करत नेले आणि ती ४४-४५ वर आली. मग सरळ ५६ घेतली तर मध्ये ११-१२ अंशांची फट राहते. दोन वेजमध्ये ४ ते ६ अंशांचं अंतर ठेवावं, म्हणजे पूर्ण फटक्यात साधारण १० ते १५ मीटरचा फरक पडतो. पिचिंग ४५ असेल तर ५० आणि ५६ एवढ्यावर नव्या खेळाडूचं भागतं. ६० ची घाई नको. पिशवीत १४ च क्लब चालतात, आणि ६० अंशांचा २.९ मिलिमीटरचा हिशेब वर आलाच आहे.

बाउन्स मात्र दोन्हींचा सारखा घेऊ नये. ५० ची वेज ६ ते ८ बाउन्सची, कडक माळासाठी आणि हात पुढे ठेवून मारायच्या चिपसाठी. ५६ ची १२ च्या आसपास, पुण्यातल्या बंकरसाठी आणि पावसाळ्यासाठी. क्लब खोलवर घालण्याची सवय असेल तर दोन्हीकडे दोन-तीन अंश वाढवा, वरच्यावर झाडल्यासारखं मारत असाल तर तेवढेच घटवा. आपण कोणत्या प्रकारातले हे ठरवायला यंत्र लागत नाही. किंचित ओल्या जमिनीवर चेंडू न ठेवता दहा-बारा चिप मारा आणि वेज उलटी करून सोल बघा. माती पुढच्या कडेलाच लागली असेल, तर बाउन्स वाढवायला हवा. मागच्या कडेला लागली असेल, तर कमी करायला. आणि सोलच्या मधोमध लागली असेल, तर हातातल्या वेजवर लिहिलेला दुसरा आकडा टिपून ठेवा आणि दुकानात तोच मागा.