दुनळीला चालतं ते सेमी-ऑटोला का चालत नाही?

साताऱ्यात आमच्या बँकेच्या दारात दुनळी घेऊन बसणारे फौजीकाका आहेत, त्यांना एकदा विचारलं, काका हिच्यात हलकं-भारी कुठलंही काडतूस चालतं का, तर म्हणाले, "नळीवरच्या मापाचं असलं की चालतंय. रिकामी पुंगळी काढायची अन् नवीन काडतूस घालायचं, ते काम माझ्या हाताचं हाय, बंदुकीचं न्हाय."

सगळी गोम इथंच आहे. सेमी-ऑटोत, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या बंदुकीत, हे काम काडतुसाच्याच जोरावर होतं, त्याच दणक्यात बोल्ट (नळीचं बूड बंद करणारा सरकता तुकडा) मागं जाणार, पुंगळी बाहेर फेकणार, नवीन काडतूस आत घेणार. आता 12 बोरमध्ये (हे नळीच्या भोकाचं माप) ऑलिंपिकच्या ट्रॅप-स्कीटचं, म्हणजे उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीचं, काडतूस 24 ग्रॅम छऱ्यांचं आणि साडेतीन इंच लांबीच्या मॅग्नममध्ये, म्हणजे जास्त दमाच्या काडतुसात, 56 ग्रॅम आणि त्याहूनही जास्त छर्रे, मग बंदूक भारीला जुळवली तर हलकं अर्ध्यात अडकतं, हलक्याला जुळवली तर भारी काडतूस बोल्ट दणादण आपटतं.

जॉन ब्राउनिंगच्या ऑटो-5 ला (पेटंट 1900 चं) अख्खी नळीच मागं सरकते, आणि काडतूस बदललं की आतल्या घर्षणाच्या कड्या हातानं खालीवर करायच्या.

बेनेली कंपनीच्या एम2 मध्ये इनर्शिया, म्हणजे जडत्व. एसटी झटक्यात निघाली की उभी माणसं मागं पडतात ना, तसंच, फक्त इथं बंदूक मागं जाते आणि बोल्टचा जड भाग जागेवर राहतो, मधली स्प्रिंग दबते आणि मग तीच त्याला मागं उडवते. आत काजळी कमी, सुटसुटीत काम, पण हलकं काडतूस घातलं आणि वर टॉर्च-बिर्च लावून बंदूक जड केली तर दणका कमी पडतो आणि पुंगळी अडकते.

गॅसवाल्या बंदुकीत नळीला बारीक भोकं असतात, तिथनं थोडा गॅस पिस्टन ढकलतो. रेमिंग्टन कंपनीची 1963 ची 1100 पावणेतीन इंची काडतुसावर छान, मॅग्नमचं मॉडेल वेगळं घ्यायचं. पुढं त्यांच्याच 1987 च्या 11-87 मध्ये कुकरच्या शिट्टीसारखा जादा गॅस बाहेर सोडायची सोय आली. मला मात्र सगळ्यात आवडली ती रेमिंग्टनचीच 2010 ची व्हर्सा मॅक्स. तिच्यात चेंबरलाच (नळीच्या बुडाशी काडतूस बसतं ती जागा) 7 भोकं, पावणेतीन इंची काडतुसाला सातही उघडी, साडेतीन इंचीची लांब पुंगळी स्वतःच चार झाकते आणि तीनच उरतात, म्हणजे किती गॅस घ्यायचा ते काडतूसच ठरवतं. काय डोकं लावलंय!

लांबीवरनं एक नीट सांगतो, कारण इथं जीवाशी गाठ आहे. 70 मिलिमीटर, म्हणजे पावणेतीन इंच, हे माप उडालेल्या पुंगळीचं, तोंडाच्या दुमडलेल्या पाकळ्या उघडल्यावरचं. कोरं काडतूस मोजलं तर 60 च्या आतच भरतं. म्हणून तीन इंची, म्हणजे 76 चं कोरं काडतूस 70 च्या चेंबरमध्ये गपकन बसतं, पण उडताना पाकळ्यांना उघडायला जागा नसते आणि दाब भलताच चढतो. काकांनी दुनळी बिजागरीवर उघडून, रिकामी करून, नळीच्या बुडाशी कोरलेला 70 चा आकडा मला बोट ठेवून दाखवला, आणि खिशातल्या काडतुसावरचाही.