कोलेस्टेरॉलची गोळी आणि ग्रेपफ्रूट: पथ्यामागचा इतिहास

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या काही स्टॅटिन गोळ्यांच्या माहितीपत्रकावर ग्रेपफ्रूटचा (संत्र्याच्या जातीचे आंबट-कडू फळ) रस टाळण्याची सूचना असते. तिचा उगम मात्र कोलेस्टेरॉलच्या अभ्यासात नाही. कॅनडातले डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबावरच्या फेलोडिपिन या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो, ते तपासत होते. मद्याची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि रक्तातली औषधाची पातळी अनपेक्षितपणे वाढलेली दिसली. १९८९ आणि १९९१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोष मद्याचा नव्हता, रसाचाच होता.

तोवर स्टॅटिन बाजारात आले होते. जपानमध्ये अकिरा एंडो यांनी हजारो बुरशी तपासून १९७३ मध्ये कॉम्पॅक्टिन हे पहिले स्टॅटिन वेगळे केले आणि १९८७ मध्ये अमेरिकेत लोवास्टॅटिनला मान्यता मिळाली. उपाशीपोटी घेतले तर ते नीट शोषले जात नाही, म्हणून ते रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायला सांगतात. आहाराशी या औषधाचे नाते असे पहिल्यापासूनच आहे.

ग्रेपफ्रूटचे कोडे उलगडायला मात्र वेळ लागला. लोवास्टॅटिन, सिमवास्टॅटिन आणि काही प्रमाणात अटोरवास्टॅटिन यांचा बराचसा भाग रक्तात पोचण्याआधीच आतड्यातले सीवायपी३ए४ हे एन्झाइम मोडून टाकते. ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकुमारिन द्रव्ये हेच एन्झाइम निकामी करतात. फिनलंडमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना दुप्पट घट्ट रस दिवसातून तीनदा पाजला, तेव्हा सिमवास्टॅटिनचे रक्तातले एकूण प्रमाण सुमारे सोळापट झाले. रोज इतका रस कुणी पीत नाही, हे खरे. पण औषध वाढले की स्नायूंना इजा होण्याचा धोकाही वाढतो, म्हणून ही सूचना हलक्यात घेऊ नये. शिवाय निकामी झालेल्या एन्झाइमच्या जागी नवे तयार व्हायला एक ते तीन दिवस जातात. त्यामुळे सकाळी रस आणि रात्री गोळी, ही पळवाट चालत नाही.

उलट दिशेचा अनुभवही नोंदलेला आहे. १९९१ मध्ये लोवास्टॅटिन घेणाऱ्या मोजक्या रुग्णांना सोबत पेक्टिन (फळांतले विरघळणारे तंतू) किंवा ओटचा कोंडा दिल्यावर त्यांचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढल्याचे आढळले. तंतू (फायबर) औषधाला आतड्यातच अडकवतात, असा अंदाज होता. म्हणून तंतूंची पूड आणि गोळी यांत काही तासांचे अंतर ठेवायला सांगितले जाते. तंतू सोडायचे मात्र मुळीच नाहीत: २००३ मध्ये टोरंटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांच्या गटाने विरघळणारे तंतू, सोया, बदाम आणि वनस्पती-स्टेरॉल यांचा आहार महिनाभर दिला, तेव्हा एलडीएल २८.६ टक्क्यांनी उतरले. त्याच अभ्यासात लोवास्टॅटिन घेणाऱ्यांचे ३०.९ टक्क्यांनी उतरले होते.

एका गोळीचा नियम सगळ्या स्टॅटिनना लावण्याची चूक अजूनही होते, हे मला फार खटकते. प्रावास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन मोडण्यासाठी सीवायपी३ए४ फारसे लागत नाही, त्यामुळे ग्रेपफ्रूटची ही अडचण त्यांना जवळजवळ नाही. म्हणून गोळी परस्पर बंद करण्याआधी पाकिटावरचे औषधाचे मूळ नाव पाहावे आणि डॉक्टरांना विचारावे.