घरची रीत आणि आमचे बालशिक्षण केंद्र : पालकांसाठी माहितीपत्रक

प्रवेशाच्या वेळी आपण जो अर्ज भरता, त्यात धर्माचा रकाना नाही. पूर्वी तो होता. त्या रकान्यात एकच शब्द लिहिणाऱ्या दोन घरांपैकी एका घरात आहाराचे आणि प्रार्थनेचे नियम काटेकोरपणे पाळले जात, तर दुसऱ्या घरात त्यांतले जवळजवळ काहीच पाळले जात नसे. आम्ही मात्र त्या शब्दावरून दोन्ही मुलांशी सारखेच वागत होतो. ती आमची चूक होती. आता आम्ही थेट विचारतो : मूल काय खात नाही, त्याच्या अंगावरची कोणती वस्तू कधीही काढू नये, कोणत्या दिवशी ते घरी राहील, घरातल्या मोठ्यांना ते काय म्हणून हाक मारते, आणि कोणत्या उपक्रमात त्याने भाग घेऊ नये असे आपल्याला वाटते. आडनावावरून किंवा पेहरावावरून अंदाज बांधण्यापेक्षा हे विचारणे अधिक आदराचे आहे, असे आमचे मत आहे.

आहाराच्या बाबतीत केवळ मुख्य पदार्थ पाहून भागत नाही. जेली आणि चघळण्याच्या मऊ गोळ्यांमध्ये बहुधा जिलेटिन असते, आणि ते प्राण्यांच्या कातडीपासून व हाडांपासून तयार होते. म्हणून बाहेरून आलेला खाऊ वाटण्यापूर्वी त्याच्या वेष्टनावरील घटकांची यादी वाचली जाते. तरीही चुकून वर्ज्य पदार्थ मुलाच्या पोटात गेला, तर आम्ही तो प्रकार झाकून न ठेवता त्याच दिवशी आपल्याला सांगू. त्यासाठी मुलाला रागावू नये, एवढीच विनंती आहे.

सणांच्या तारखा दरवर्षी नव्याने विचाराव्या लागतात. इस्लामी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे असल्यामुळे त्यातील सण दरवर्षी सुमारे 10 ते 11 दिवस अलीकडे येतात, ज्यू परंपरेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, आणि जुनी ज्युलियन दिनदर्शिका पाळणारी ख्रिस्ती चर्चे नाताळ 7 जानेवारीला साजरा करतात. गेल्या वर्षीची यादी पुन्हा वापरली, तर कोणाच्या तरी मोठ्या दिवशी आम्ही स्नेहसंमेलन ठेवून बसू.

सणांविषयी आम्ही मुलांना सांगतो, त्यांच्याकडून पूजा किंवा प्रार्थना करवून घेत नाही. गोष्ट ऐकणे आणि श्रद्धेची कृती करणे यांत अंतर आहे, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला ते अंतर स्वतःहून राखता येत नाही. ते आम्हीच राखले पाहिजे. ‘आपला सण’ असा उल्लेख शिक्षिका टाळतात, कारण ज्याच्या घरी तो सण नाही ते मूल त्या एका शब्दाने परके ठरते. काही कुटुंबे, उदाहरणार्थ यहोवाचे साक्षीदार, श्रद्धेमुळे वाढदिवसही साजरा करत नाहीत. अशा मुलाला दुसऱ्या खोलीत बसवणे आम्हाला शिक्षेसारखे वाटते. म्हणून उपक्रमाची कल्पना पालकांना आधी दिली जाते, आणि त्या मुलासाठी त्याच खोलीत, त्याच्या आवडीचे दुसरे काम तयार ठेवले जाते.

मुले प्रश्न मोठ्याने विचारतात. ‘हा डोके का झाकतो?’, ‘कोणाचा देव खरा?’ अशा वेळी मुलाला गप्प केले, तर त्याला उत्तर मिळत नाही. हा विषय लाजिरवाणा आहे, एवढे मात्र त्याला कळते. पहिल्या प्रश्नाला शिक्षिका साधे, खरे उत्तर देतात. दुसऱ्यावर त्या निवाडा करत नाहीत : ‘तुझ्या घरी असे मानतात, त्याच्या घरी तसे मानतात, तुझ्या घरचे तू आईबाबांना विचार.’ त्यामुळे असा प्रश्न आपल्याकडे आला, तर आपण आपल्या श्रद्धेप्रमाणे मोकळेपणाने उत्तर द्यावे.

या आदराला मर्यादाही आहेत, आणि त्या आधीच स्पष्ट सांगणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतील कलम 14 मुलाचे धर्मस्वातंत्र्य आणि त्याला त्याबाबत मार्गदर्शन करण्याचा पालकांचा अधिकार, दोन्ही मान्य करते. कलम 29 मुलाच्या स्वतःच्या संस्कृतीबरोबरच इतरांच्या संस्कृतीचा आदरही शिक्षणाच्या उद्दिष्टांत धरते. म्हणून आपल्या मुलाला अमुक धर्माच्या मुलाशेजारी बसवू नका, ही विनंती आम्ही स्वीकारत नाही. तहानलेल्या मुलाला पाणी नाकारले जात नाही, मग घरी कोणताही उपवास असो. आईचे आणि वडिलांचे म्हणणे वेगळे असेल, तर आम्ही एकाची बाजू न घेता दोघांशी एकत्र बोलतो.

अर्जातील ही माहिती फक्त आपल्या मुलाच्या वर्गावरील शिक्षिका पाहतात. ती प्रत्येक सत्राच्या आरंभी आपल्याकडून तपासून घेतली जाते. मधल्या काळात घरात काही बदलले, तर मुलाला सोडायला येताना तोंडी सांगितले तरी पुरेसे आहे, नोंद आम्ही करून घेऊ.