खेळपेटी उघडण्याआधी हे वाचा

पेटीत उत्तरांची पुस्तिका नाही. ती राहून गेली असं समजू नका, आम्ही ती मुद्दामच ठेवलेली नाही. पेटी चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि या वयात उत्तर आधी कळलं की खेळ तिथेच संपतो. म्हणून प्रत्येक खेळाआधी मुलाला एवढंच विचारा, “काय होईल, सांग बघू?” अंदाज चुकला तरी लगेच सुधारू नका, आधी करून बघू द्या. सूचनांची कार्डं मराठी, गुजराती आणि इंग्रजीत आहेत, म्हणजे शाळा कुठल्याही माध्यमाची असली तरी आजी-आजोबांना खेळात घेता येईल.

पाणी

सुरुवात परातीतल्या पाण्याने करा. क्लेचा गोळा पाण्यात सोडला की बुडतो. त्याच क्लेची पसरट वाटी केली की तरंगते, वजन तेवढंच असूनही! मग वाटीत एकेक चणा टाकत जायचं आणि ती कधी बुडते ते बघायचं. मुलं आपणहून वाटी मोठी करतात, कडा उंच करतात. इथे घाई करू नका, अख्खी दुपार गेली तरी चालेल.

दुसरा खेळ संत्र्याचा. सालासकट संत्रं तरंगतं, सोललेलं बहुधा बुडतं. मुलं बरेचदा उलट सांगतात, कारण सोलल्यावर ते हलकं होतं ना! सालीच्या पांढऱ्या भागात हवा असते, तीच त्याला वर धरते. पण हे मुलाने विचारलं तरच सांगा. एखादं संत्रं आतून पोकळ निघालं तर सोलूनही तरंगेल. तसं झालं तर दुसरं घ्या आणि दोन्ही चिरून बघा.

लोहचुंबक

मुलाला चुंबक देऊन स्वयंपाकघरात सोडा. काही स्टीलची भांडी चिकटतात, काही नाही, कारण स्टेनलेस स्टीलचे प्रकार वेगवेगळे असतात. इथे आई-बाबांचेही अंदाज चुकतात, आणि मुलांना ते फार आवडतं. आमचे चुंबक प्लास्टिकच्या जाड आवरणात आहेत. आवरणाला तडा गेला तर चुंबक मुलाच्या हाती देऊ नका, आम्ही बदलून देऊ. बाजारातले बारीक, शक्तिशाली चुंबक लहान मुलांच्या घरात नकोतच: दोन गिळले गेले तर ते आतड्याला मध्ये चिमटतात. गिळल्याची शंका जरी आली तरी थेट दवाखाना गाठा.

सावली आणि पतंग

पेटीतली काठी अगाशीवर उभी करा आणि तासातासाने खडूने सावली आखा. बडोदं कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. त्यातला पहिला दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, दुपारी साडेबाराच्या थोडं नंतर. दुसरा जुलैत, पण तेव्हा ढगांचा भरवसा नाही.

उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, वेगळं काही विकत घ्यायला नको. किन्न्याची (पतंगाला बांधलेल्या दोऱ्याची) गाठ बोटभर वर-खाली सरकवली की पतंगाचा वाऱ्याशी असलेला कोन बदलतो. कुठे बांधली तर चांगला चढतो, ते मुलालाच शोधू द्या. दोरा मात्र साधा घ्या, मांजा नको.

काही पालक विचारतात, हे परदेशी खूळ आहे का? पद्धत मुळात माँटेसरीबाईंची, पण गुजरातेत ती रुजूनही शंभर वर्षं झाली. गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं आणि आपल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करत होत्या.

क्ले वाळली किंवा काठी मोडली तर नवी पेटी घेऊ नका, सुटी वस्तू मिळते. चणे आणि संत्री मात्र तुमची.