स्पिरिट पॉलिश

स्पिरिट पॉलिश : चपडा लाख (शुद्ध केलेल्या लाखेचे पापुद्रे) मद्यार्कात म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले, लाकडी सामानावर पातळ थरांनी चढवायचे लेपद्रव्य; तसेच ते चढवण्याची क्रिया. कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने थरावर थर घासून आरशासारखी झळाळी आणण्याच्या पद्धतीला फ्रेंच पॉलिश म्हणतात. व्यवहारात मात्र दोन्ही नावे सरसकट एकाच अर्थाने वापरली जातात.

‘फ्रेंच’ हे विशेषण जपूनच घ्यावे लागते. एका मतानुसार या तंत्राचे मूळ पॅरिसच्या मार्तँ बंधूंच्या व्हर्निसात (वार्निशात) आहे. या बंधूंना 1730 मध्ये राजाकडून मक्तेदारी मिळाली होती. पण त्यांचे व्हर्निस मुख्यतः लाखेचे नव्हे, तर कोपल या झाडांपासून मिळणाऱ्या राळेचे असल्याने हा संबंध दुबळा वाटतो. रूबो या फ्रेंच कारागिराच्या 1769 पासून प्रसिद्ध झालेल्या सुतारकामावरील ग्रंथात झिलईसाठी मेणावर भर आहे, तर शेरटन या इंग्रज फर्निचर-रचनाकाराच्या 1803 च्या कोशात जवसाचे तेल, मेण आणि विटेची पूड आहे. त्यामुळे बोळ्याने घासण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात रूढ झाली, हे मत अधिक ग्राह्य दिसते. कुंचल्याने लावायचे लाखेचे स्पिरिट-व्हर्निस मात्र त्याहून जुने असून स्टॉकर व पार्कर यांच्या वार्निशकामावरील 1688 च्या इंग्रजी पुस्तकात त्याच्या कृती आहेत.

लाखेचा उल्लेख भारतात अथर्ववेदापर्यंत मागे जातो. सुमारे 1583 ते 1588 या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने चरकावर (लेथवर) फिरवून लाख चढवलेल्या घरगुती सामानाचे वर्णन केले आहे. ते काम घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळवून होत असे. त्यात स्पिरिट नव्हते. म्हणून फ्रेंच पॉलिश ही मूळची भारतीय कला होय, हे विधान टिकत नाही. द्रव्य इथले, विरघळवण्याची युक्ती युरोपीय, एवढेच म्हणणे रास्त.

केरिया लॅका हा कीटक पळस, बोर व कोशिंब या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाख स्रवतो. देशात झारखंड अग्रेसर असून रांचीजवळ नामकुम येथे 1924 पासून लाख-संशोधन चालते. विदर्भात गोंदिया व गडचिरोली भागात लाख मिळते. लाख कुटून, धुऊन तिचा तांबडा रंग काढतात, मग लांब कापडी पिशवीत घालून निखाऱ्यासमोर वितळवून पिळतात आणि ताणून पापुद्रे करतात. हाच चपडा.

जुन्या टेबलाच्या कामात पॉलिशपेपर हाती घेण्याआधी मूळ लेप ओळखणे महत्त्वाचे. आडबाजूला स्पिरिटचा बोळा धरल्यावर चिकटपणा आला, तर लेप लाखेचा. असा लेप खरवडून काढणे ही चूकच म्हणावी लागेल. ताजे स्पिरिट जुना थर मऊ करते आणि नवा थर त्यात मिसळून जातो. दुरुस्तीची ही सोय मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) या कृत्रिम राळांच्या लेपात नाही. उघड्या सागाची छिद्रे मोठी असल्याने ती आधी चॉक पावडर व गेरू किंवा बर्न्ट अंबर (भाजलेली तपकिरी रंगमाती) यांच्या लगद्याने भरतात. लाकडाची छटा बदलायची असल्यास स्टेन (लाकडात मुरणारा पातळ रंग) याच टप्प्यावर, उघड्या लाकडावर लावावा लागतो. लिटरभर स्पिरिटला साधारण 150 ते 250 ग्रॅम चपडा पुरतो. बोळा अडखळू नये म्हणून त्यावर जवसाच्या तेलाचा थेंब लावतात आणि शेवटी ते तेल स्पिरिटने उचलून घेतात. राहिल्यास पृष्ठभाग धुरकट होतो. द्रावण काही महिन्यांपलीकडे ठेवू नये: लाखेतील आम्लांची मद्यार्काशी अभिक्रिया होऊन लेप नीट वाळत नाही.

उष्णता व पाणी या लेपाला सोसत नाही. गरम कपाखाली पांढरे वलय उमटते, म्हणून जेवणाच्या टेबलाला तो गैरसोयीचा.

जुन्या ऑइलपेंटखाली कधी उत्तम साग निघतो. मात्र अशा रंगात शिसे असण्याची शक्यता धरून चालावे, कारण घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा भारतात नोव्हेंबर 2017 पासूनच लागू आहे. तो थर कोरडा घासू नये. ओला करून, नाकातोंडावर योग्य मास्क बांधून आणि लहान मुलांपासून दूर काढावा.