पीएचडीनंतरची अधांतरी वर्षे: भारतातील जीववैद्यकीय पोस्टडॉकची पार्श्वभूमी

लिव्हरपूलहून 1948 साली पीएचडी घेऊन हरगोविंद खुराना झुरिकला रसायनशास्त्रज्ञ व्लादिमीर प्रेलॉग यांच्याकडे पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा तात्पुरता संशोधक) म्हणून गेले, तेव्हा त्यांना छदामही वेतन नव्हते. पुढच्या वर्षी मायदेशी आले, तर इथे नोकरी मिळेना. मग केंब्रिज, कॅनडा, अमेरिका आणि 1968 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल. हा किस्सा आपण अभिमानाने सांगतो, पण तो खरे तर ओशाळवाणा आहे.

परदेशातून शिकून आलेल्यांना तात्पुरती जागा देण्यासाठी सरकारने 1958 मध्ये ‘सायंटिस्ट्स पूल’ काढला आणि तो सीएसआयआरकडे (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेकडे) सोपवला. ‘पूल ऑफिसर’ एखाद्या प्रयोगशाळेला किंवा विद्यापीठाला जोडला जाई. पगार मिळे, पण पूल हे शेवटी प्रतीक्षालयच. कायमची नोकरी लागेपर्यंत तिथे बसायचे, एवढाच त्याचा हेतू.

परत येणाऱ्यांकडे पाहण्याची ही सवय पुढेही टिकली. जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) 1986 मध्ये स्वतंत्र झाला आणि त्याची रामलिंगस्वामी फेलोशिप 2006-07 मध्ये आली, तीही परदेशातल्या भारतीय संशोधकांसाठी. पुण्यात किंवा हैदराबादेत पीएचडी करून इथेच राहू पाहणाऱ्याच्या वाट्याला बहुधा कुणाच्या तरी प्रकल्पातले रिसर्च असोसिएटपद येई. विषय प्रकल्पप्रमुखाचा, मुदत प्रकल्पाची. पोस्टडॉक बाहेरच करायचा, हा अलिखित नियम अशा व्यवस्थेतूनच घट्ट झाला.

खरे वळण 2008 चे. डीबीटी आणि आरोग्य-संशोधनाला पैसा पुरवणारा ब्रिटनचा धर्मादाय न्यास वेलकम ट्रस्ट यांनी निम्मा-निम्मा वाटा उचलून ‘इंडिया अलायन्स’ उभारली. रोटाव्हायरस लसीच्या कामासाठी ओळखले जाणारे बालरोगतज्ज्ञ एम. के. भान तेव्हा डीबीटीचे सचिव होते. इंडिया अलायन्सच्या ‘अर्ली करिअर’ फेलोशिपमध्ये पैसा पाच वर्षांचा आणि उमेदवाराच्या स्वतःच्या प्रश्नासाठी. पगाराबरोबर रसायने, प्रवास यांचाही खर्च त्यातच. वयाची अट नाही. सरकारी योजनांशी ताडून पाहिले तर हे किती मोठे ते कळते: नंतर आलेल्या एसईआरबीच्या (तेव्हाच्या सरकारी विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाच्या) राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपची मुदत दोनच वर्षांची आणि वयोमर्यादा सर्वसाधारणपणे 35. मूल झाल्यावर प्रयोगशाळेत परतणाऱ्या बाईला या दोन अटींतला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मार्गदर्शनाचा धागा मात्र वेगळ्याच हातांनी विणला. आपल्याकडे गाइड म्हणजे प्रबंधावर सही करणारा. पहिली प्रयोगशाळा कशी मांडायची, विद्यार्थी कसे निवडायचे, अनुदानाचा अर्ज नाकारला गेला तर पुढे काय, हे विचारायचे कुणाला? अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रोनाल्ड व्हेल यांच्या पुढाकारातून 2009 मध्ये केरळात पहिली ‘यंग इन्व्हेस्टिगेटर्स मीटिंग’ भरली. नवे प्राध्यापक आणि मुरलेले शास्त्रज्ञ तिथे एकत्र राहिले, बोलले. त्यातूनच ‘इंडियाबायोसायन्स’ ही जीवशास्त्रज्ञांना जोडणारी संस्था आकाराला आली आणि पुढे या बैठकीला जोडून पोस्टडॉकसाठीही मेळावे होऊ लागले. नोकरी देणाऱ्या संस्थांचे संचालक आणि उमेदवार तिथे समोरासमोर बसतात. जाहिरातीची वाट पाहण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इंडिया अलायन्सच्या तिसऱ्या टप्प्याला 1,500 कोटी रुपये मंजूर केले. त्यात डीबीटीचे 1,000 कोटी आणि वेलकमचे 500. नव्या फेलोशिप 2030-31 पर्यंत दिल्या जातील; त्यांचा खर्च 2037-38 पर्यंत चालेल. सुरुवातीची निम्मी-निम्मी भागीदारी दुसऱ्या टप्प्यापासूनच दोनास एक अशी झाली आहे.