रेशनच्या तांदळातले तरंगणारे दाणे

रेशनचा तांदूळ धुवायला घेतला की काही दाणे पाण्यावर तरंगताना दिसतात. रंग किंचित वेगळा, वजनाला हलके. ‘प्लास्टिकचा तांदूळ आलाय’ ही आवई यांच्यामुळेच उठली. कित्येक घरांत हे दाणे वेचून फेकले जातात. दुर्दैव असं, की पिशवीतला मुद्दाम घातलेला पोषक माल नेमका तोच असतो.

हे दाणे शेतात पिकत नाहीत. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-12 जीवनसत्त्व मिसळायचं, पाणी घालून ते गरम यंत्रात मळायचं आणि दाण्याच्या आकाराच्या छिद्रांतून दाबून कापायचं. साच्यातून शेव पाडतात तसंच, फक्त तुकडे तांदळाएवढे. असा एक दाणा साधारण शंभर साध्या दाण्यांत मिसळायचा. याची घोषणा 15 ऑगस्ट 2021 रोजी झाली आणि मार्च 2024 पर्यंत हा तांदूळ देशभरच्या रेशन दुकानांत पोचला. शंका असेल तर दाणा कोरड्या तव्यावर टाकून बघा. प्लास्टिक वितळतं, हा दाणा करपतो.

याची गरज काय, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) दिसतं. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होतं, पाच वर्षांखालच्या मुलांत तर 68.9 टक्के. ठरलेल्या मानकानुसार या तांदळाच्या किलोत 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह असावं लागतं. महिन्याला माणशी 3 किलो तांदूळ धरला तर रोजचा 100 ग्रॅम, म्हणजे तीन-चार मिलिग्रॅम लोह. प्रौढ स्त्रीसाठीची रोजची शिफारस मात्र 29 मिलिग्रॅमची आहे. उरलेलं ताटातल्या बाकीच्या पदार्थांतून यावं लागतं आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

धान्य-डाळी-पालेभाज्यांत लोह असतं, पण ते सहजासहजी अंगी लागत नाही. धान्याच्या कोंड्यातलं आणि डाळींतलं फायटिक ॲसिड त्याला धरून ठेवतं आणि मग बरंचसं लोह शरीराबाहेर जातं. सी जीवनसत्त्व ही पकड सैल करतं आणि लोहाचं रूप बदलून आतड्याला ते शोषता येईल असं करतं. वरणभातावर लिंबू पिळायची आपली रीत म्हणूनच नुसत्या चवीची नाही. फक्त ते ताटात पिळावं, उकळत्या वरणात नको, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नासतं. तांदळात मुद्दाम घातलेलं लोह जरा हट्टी असतं, त्यावर लिंबाचा परिणाम कमी होतो. डाळीतल्या आणि पाल्यातल्या लोहाला मात्र चांगला फायदा मिळतो. उन्हाळ्यात लिंबं परवडत नाहीत तेव्हा कैरी आहेच. थंडीत आवळा आणि पेरू. मध्यम पेरूत चार-पाच लिंबांच्या रसाहून जास्त सी जीवनसत्त्व असतं. याच्या उलट काम चहा करतो. त्यातले तुरट पदार्थ लोहाला बांधून टाकतात, म्हणून जेवणावर लगेच चहा नको. तासाभराने खुशाल घ्या.

स्वस्त उपायांत माझा कौल मोड आलेल्या मटकीला. कोरड्या कडधान्यात सी जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच, मोड येताना ते तयार होऊ लागतं. शिवाय भिजलेल्या दाण्यातलं एक विकर (एन्झाइम) फायटिक ॲसिड तोडू लागतं. मूठभर मटकी, पाणी आणि एक ओलं फडकं, खर्च एवढाच. उसळ शिजवली की सी बरंचसं जातं, म्हणून थोडे मोड कच्चेच कांदा-लिंबू घालून खावेत. लहान मुलांना आणि गरोदर बाईला मात्र वाफवूनच द्यावेत.

आता डाळीकडे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने हक्क दिला तो धान्याचा: महिन्याला प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदय म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबाला 35 किलो. जानेवारी 2023 पासून ते फुकट मिळतं. माणशी 5 किलो म्हणजे रोजचे साधारण 165 ग्रॅम, त्यातून पावणेसहाशेच्या आसपास कॅलरी. डाळ या हक्कात नाही, ही मला या योजनेतली सगळ्यात मोठी उणीव वाटते. तांदूळ-गव्हाच्या प्रथिनांत लायसीन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक घटक, कमी पडतं, डाळीत ते भरपूर असतं. डाळीत मिथिओनिन हा दुसरा घटक कमी, तो धान्यात असतो. म्हणून पदरचे पैसे खर्चायचे तर आधी डाळीवर. तीन वाट्या तांदळाला एक वाटी मूग किंवा मसूर घालून केलेल्या खिचडीत दोघांची उणीव भरून निघते. वर शेवग्याचा पाला आणि चमचाभर तेलाची फोडणी, कारण पाल्यातलं कॅरोटिन (ज्यापासून शरीर ए जीवनसत्त्व बनवतं) तेलाशिवाय नीट शोषलं जात नाही.

तांदूळ चोळचोळून चार-पाच पाण्यांनी धुऊ नये, बी-1 जीवनसत्त्व पाण्याबरोबर वाहून जातं. भात वेळत असाल तर पेज फेकू नका, त्यात मीठ घालून प्या.

राहिला गॅस. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या दाण्याला आतून घट्ट करतं, म्हणून डाळ तासन्‌तास शिजत नाही. चिंच आधी घातली तरी तेच होतं, ती डाळ मऊ झाल्यावरच घालावी. सोड्याने डाळ लवकर शिजते, पण बी-1 चा नाश होतो. त्यापेक्षा ती आधी तासभर भिजवावी, हरभरा-राजमा असेल तर रात्रभर. कुकरची शिटी झाली की आच बारीक करावी. आतलं तापमान तेव्हा 120 अंशांच्या आसपास पोचलेलं असतं आणि मोठ्या आचेने ते आणखी वाढत नाही, फक्त वाफ बाहेर पडत राहते.